लांडग्यासमोर एक बाक हवा

संपादक महोदय,

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या विकासाचा विषय निघाला की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : नवीन काय येणार? झेब्रा कधी आणणार, मुलांना अजून काय बघायला मिळणार? मी धनकवडीला राहते. शाळेत नोकरीला असताना दर हिवाळ्यात सहावीच्या मुलांची सहल घेऊन तिथे जायचे, आता नातीला घेऊन जाते. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांमधून जे दिसलं, ते सांगावंसं वाटतं.

मागच्या थंडीतली गोष्ट. आम्ही लांडग्याच्या कठड्यापाशी उभ्या होतो. झुडपाच्या सावलीत लांडगा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. डोळे मिटलेले, पण कान मात्र एकेक करून आवाजाच्या दिशेने वळत होते. एक कुटुंब आलं. वडिलांनी मुलाला उचलून घेतलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "अरे, कुत्रा आहे. चल, वाघ पुढे आहे." गेले. त्यांच्यामागून आलेले दोन-तीन जणही तसेच गेले. त्यांना दोष देत नाही. तिथे थांबावं असं त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात तिथले एक कर्मचारी हातात बादली घेऊन चालले होते. नातीने त्यांना विचारलं, "काका, हा कुत्रा आहे का?" त्यांनी बादली खाली ठेवली. म्हणाले, "पाय बघ त्याचे, किती लांब आहेत. आणि आता उठला की शेपटी बघ. कुत्रा शेपटी वर वळवतो, हा खालीच ठेवतो." मग लांडगा खरंच उठला, अंग ताणलं आणि कुंपणाच्या कडेने चालायला लागला. शेपटी खाली. सात-आठ माणसं जमली. कोणी विचारलं, काय खातो. कोणी विचारलं, माणसावर येतो का. एक आजोबा म्हणाले, आमच्या गावाकडे मेंढ्यांच्या वाड्यावर यायचे. पंधरा मिनिटं कोणी हललं नाही. मग काकांनी बादली उचलली, कारण पुढची कामं खोळंबली होती, आणि गर्दी पांगली.

ती पंधरा मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

हा लांडगा आपल्या घरचा आहे. दिवे घाट चढून गेलं की सासवड, जेजुरी, पुढे बारामती-इंदापूरकडच्या माळरानांवर तो आजही राहतो. धनगरांच्या कळपांबरोबर त्याचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर आणि पिढ्यान् पिढ्यांचा शेजार आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाइतकंच वरचं स्थान आहे. पण माळरान म्हणजे पडीक जमीन, अशी आपली समजूत. त्यामुळे तिथे रस्ते, प्लॉट आणि कारखाने सहज उभे राहतात, आणि कधी झाडं लावायच्या चांगल्या हेतूनेही गवत मोडतं. गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि लांडग्यांमध्ये मिसळतात. पुण्याजवळच लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावा जनुकीय तपासणीत मिळालेला आहे. म्हणजे "कुत्रा आहे" म्हणून ज्याच्यापुढून आपण निघून जातो, तो खरोखरच कुत्र्यांत विरघळून जाण्याच्या वाटेवर आहे. हे कात्रजला येणाऱ्या मुलांना कळलं पाहिजे, आणि ते झेब्रा आणून कळणार नाही.

तीच गोष्ट चिंकारा, चौसिंगा, भेकर, तरस आणि शेकरूची. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे, भीमाशंकर शेकरूसाठी. शेकरू तर आपला राज्यप्राणी. माझ्या वर्गातल्या मुलांना जिराफ ओळखता यायचा, चौसिंगा नाही. जगात चार शिंगांचं हे एकच रानटी जनावर, ते आपल्याच देशाच्या आणि शेजारच्या नेपाळच्या जंगलांत राहतं, आणि त्याच्यापुढे अर्धा मिनिटसुद्धा कोणी थांबत नाही.

पर्वतीच्या पायथ्याच्या जुन्या पेशवे पार्कची आठवण अनेक वाचकांना असेल. पेशव्यांच्या शिकारखान्याच्या जागी महापालिकेने १९५३ साली ते सुरू केलं. १९५६ पासून फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावायला लागली, सुमित्रा हत्तिणीभोवती गर्दी असायची. मी लहानपणी तिथल्या बिबट्याला पाहायचे. गजांमागे तो सारखा येरझाऱ्या घालायचा आणि भिंतीपाशी वळताना दर वेळी त्याच फरशीवर त्याचा पाय पडायचा. तेव्हा सगळीकडेच असे पिंजरे असत, आणि आम्हा मुलांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कात्रजला १९८६ मध्ये सर्पोद्यान झालं, १९९९ मध्ये प्राणिसंग्रहालय उभं राहिलं आणि हळूहळू प्राणी पर्वतीच्या पायथ्याहून तिकडे गेले. सुमारे १३० एकरांची जागा, त्यात ४२ एकरांचा तलाव. गजांऐवजी खंदक आले, झाडी आली. पुण्याने प्राणिसंग्रहालयात केलेली ही सर्वांत मोठी सुधारणा. तिचा फायदा आधी प्राण्यांना झाला आणि त्यामुळे आपल्याला. आता पुढे जे काही करायचं, ते याच क्रमाने व्हावं.

दोन घटना विसरता येत नाहीत. मार्च २०२४ मध्ये हंपीहून आणलेला बिबट्या इथल्या पिंजऱ्यातून निसटला. सुदैवाने तो आवारातच सापडला. जुलै २०२५ मध्ये काही दिवसांत १६ चितळं दगावली आणि तपासणीत लाळ्या-खुरकुत या गुरांनाही होणाऱ्या साथीच्या रोगाचं निदान झालं. नव्या आकर्षणांसाठी पैसा काढताना विलगीकरणाची जागा, पशुवैद्यकांची संख्या, लसीकरण, तपासणी आणि आजूबाजूच्या गुरांपासूनचं अंतर यांचा विचार आधी व्हायला हवा. ही कामं प्रेक्षकाला दिसत नाहीत, त्यांचं उद्घाटन होत नाही, फीत कापायला काही नसतं. तरी नवा प्राणी आणायचा तर त्याचं पहिलं घर तिथलं विलगीकरणच असतं.

प्रेक्षकांसाठी मात्र माझी मागणी अगदी छोटी आहे. बांधकाम लागत नाही. लांडग्यासमोर सावलीत एक बाक ठेवा. शेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावा : हा कुठे राहतो, कुत्र्याहून वेगळा कसा ओळखायचा, आणि तो झोपलेला असेल तर खडे का मारू नयेत. आणि रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास, त्या बादलीवाल्या काकांसारखं कोणीतरी तिथे उभं राहून बोलेल असं करा. त्यांना त्या कामाचा वेगळा मोबदला द्या, बादली तेवढा वेळ दुसऱ्या कोणाकडे द्या. बुधवारी संग्रहालय बंद असतं, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस. सहलीच्या हंगामात शाळांना ती वेळ आधी कळवली, तर बस त्या हिशोबाने सोडता येईल. पुढच्या डिसेंबरात मी नातीला पुन्हा नेणार आहे. तिने शेपटीचं चित्र काढून ठेवलं आहे, काकांना दाखवायचं आहे म्हणते.

एक निवृत्त शिक्षिका,
धनकवडी, पुणे