साक्षीदाराला बसायला बाकडं तरी द्या

संपादक साहेब, नमस्कार.

रस्त्यात कोणावर कोयता चालला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य असतं, नागरिकांनी बघ्याची भूमिका घेतली. मग अग्रलेख, समाज बधिर झालाय वगैरे. माझं म्हणणं एवढंच की हे लिहिणाऱ्यांनी एकदा कुठल्याही फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदार म्हणून दिवसभर उभं राहून बघावं. लोक गुंडांना घाबरतात हे आहेच, पण त्याहून जास्त समन्सला घाबरतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण काही गुंडांमुळे पडलेली नाही.

मी ती पायरी चढलोय म्हणून बोलतोय. आमच्या इकडे पार्किंगवरून भांडण झालं आणि एकाने रॉडने दुसऱ्याचा हात मोडला, मी समोरच्या मेडिकलमधे औषधं घेत होतो, सगळं स्वच्छ दिसलं. पोलिसांनी विचारलं, मी जबाब दिला. त्यावर सही घेत नाहीत हे तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं विसरले. मग बरीच वर्षं काहीच नाही आणि एक दिवस अचानक समन्स. गेलो तर जज साहेब रजेवर. पुढच्या तारखेला आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, त्याच्या पुढच्या वेळी तीनपैकी एक आरोपी गैरहजर. पैरवीचा हवालदार, म्हणजे कोर्टात पोलिसांतर्फे केसचं काम बघणारा, बिचारा भला माणूस, तोच ओशाळून सांगायचा काका सही करा आणि जा, पुढची तारीख घ्या. व्हरांड्यात एकच बाकडं, त्यावर आरोपी आणि त्याचे दोस्त, मी भिंतीला टेकून उभा. तर आरोपीच सरकून म्हणाला, बसा ना काका, किती वेळ उभे राहणार. ही धमकी होती की माणुसकी ते मला अजून कळलेलं नाही. बसलो मात्र.

आणि साक्ष झाली तोपर्यंत फिर्यादीच फितूर झालेला होता! जुन्या दंड संहितेच्या कलम 326 मधे, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत केली त्यात, तडजोड चालत नाही, केस मागे घेता येत नाही, म्हणून बाहेर आपसात मिटवायचं आणि आत येऊन सांगायचं की अंधार होता, कोणी मारलं दिसलं नाही. ज्याचा हात मोडला तो असं म्हणतोय आणि ज्याचा काही संबंध नाही तो मी सांगतोय की हो याच माणसाने मारलं. आता दोन्ही घरांच्या लेखी वाईट कोण तर मी. उलटतपासात चष्म्याचा नंबर विचारला, औषधाची पावती आहे का विचारलं, आरोपीशी आधीचं काही वाकडं आहे का विचारलं. विचारणारच, ते त्यांचं कामच आहे, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

तक्रार आहे ती व्हरांड्याबद्दल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 309 मधे स्पष्ट लिहिलंय की साक्षीदार हजर असेल तर त्याला न तपासता तारीख द्यायची नाही, द्यायचीच तर खास कारण लेखी नोंदवायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून आली, कलम 346 मधे तेच आहे. सुप्रीम कोर्टाने तर 2000 साली स्वरण सिंग विरुद्ध पंजाब केसमधे लिहून ठेवलं की साक्षीदार लांबून येतो, तारीख पडते, त्याला बसायला जागा नाही की पाणी प्यायची सोय नाही. इतकी वर्षं झाली त्याला, आणि बाकडं अजून एकच.

बरं, सामान्य माणूस साक्ष देत नाही असं म्हणायला तरी कुठे जागा आहे? डॉ. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर झाला, सकाळी तिथे कामावर असलेल्या महापालिकेच्या सफाई कामगाराने 2022 मधे, म्हणजे साडेआठ वर्षांनी, कोर्टात उभं राहून दोघांना ओळखलं. 10 मे 2024 ला त्या दोघांना जन्मठेप झाली. झाडू मारून पोट भरणाऱ्या माणसाने इतकी वर्षं ते चेहरे डोक्यात सांभाळले, कोणाच्या दबावाखाली आला नाही, आणि आपण लोकांना धैर्याचे धडे देतोय. देविका रोटावन 26/11 ला सीएसटीवर पायात गोळी लागून पडली, 2009 मधे कुबड्यांवर आर्थर रोडच्या विशेष कोर्टात जाऊन तिने कसाबला ओळखलं, पोरगी तेव्हा अवघी दहा वर्षांची. पुढे घरासाठी 2020 ला तिला हायकोर्टात जावं लागलं. ज्यांनी हे वाचलं त्यांनी त्यातून काय शिकायचं ते तुम्हीच सांगा.

जिवाची भीती खरी असते तिथेही कागदावर सगळं आहे. महाराष्ट्राने साक्षीदार संरक्षणाचा कायदा 2017 लाच केला, आणि डिसेंबर 2018 मधे महेंद्र चावला केसमधे सुप्रीम कोर्टाने देशभरासाठी योजना लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांनी धोका किती आहे त्याचा रिपोर्ट पाच कामाच्या दिवसांत द्यायचा, गरज असेल तर घराला बंदोबस्त, कॅमेरा, फोन नंबर बदलून देणं, नाव गुप्त ठेवणंसुद्धा. मी आमच्या पोलीस स्टेशनला विचारलं फॉर्म कुठे मिळतो, तर तिथल्या साहेबांनी मलाच विचारलं कसला फॉर्म. साठीच्या वरच्या माणसाला आणि बायकांना जबाबासाठी पोलीस स्टेशनला बोलवायचं नाही, घरी जायचं, हेही कायद्यात आहे, किती लोकांना माहितीये? पोलीस स्टेशनच्या भिंतीवर चोरांपासून सावध राहायचे बोर्ड असतात, त्याशेजारी हे लावायला काय हरकत आहे.

जाता जाता शूटिंगवाल्यांचं. सगळे म्हणतात आता साक्षीदाराची गरजच काय, मोबाईल आहेत, सीसीटीव्ही आहेत. तसं नसतं हो. व्हिडिओ कोर्टात चालायला सर्टिफिकेट लागतं, आधी जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65ब होतं आता नव्या साक्ष अधिनियमाचं कलम 63, आणि कोणी काढला, कुठून आला हा प्रश्न निघतोच. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेल्या क्लिपचा बाप कोण ते सापडत नाही आणि ज्याने काढली तो गप्प बसतो, कारण त्याने माझ्यासारखा एखादा काका बघितलेला असतो.

माझी मागणी फार मोठी नाही. जज रजेवर असतील, केस चालणार नसेल तर आदल्या संध्याकाळी साक्षीदाराला मेसेज पाठवा, गॅस सिलेंडरचा येतो तसा. आरोपी आणि साक्षीदार यांना वेगवेगळं बसवा, खोली नाही जमली तर वेगळं बाकडं. नव्या संहितेत ऑडिओ-व्हिडिओवरून साक्ष घ्यायची सोय केली आहे, मग बदलून गेलेल्या किंवा म्हाताऱ्या साक्षीदाराला दोनशे किलोमीटरवरून बोलावण्यापेक्षा त्याच्या तालुक्याच्या कोर्टातून बोलू द्या. आणि भत्ता जो काही असेल तो त्याच दिवशी हातात द्या, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी खेप नको, तेवढ्यात एसटीचं तिकीट जास्त होतं.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गाव कृपया देऊ नका. आमच्या केसचा निकाल अजून लागायचाय.

आपला,
एक वाचक