बर्फाखालच्या डोंगरावरही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आइसलँडवरचा लेख वाचला, फोटो सुंदरच होते, पण ज्वालामुखी म्हटलं की लालभडक लाव्हा एवढंच का दाखवतात सगळे? मला तिथल्या ज्या डोंगराचं वेड आहे त्याचा फोटो काढताच येत नाही, कारण तो वात्नायोकुल हिमनदीच्या पोटात आहे. ग्याल्प त्याचं नाव.

३० सप्टेंबर १९९६ ला तिथे उद्रेक सुरू झाला तेव्हा वर अर्धा-पाऊण किलोमीटर जाड बर्फ होता. विमानातून आधी दिसले ते नुसते बर्फातले खड्डे, म्हणजे खालून वितळत होतं आणि वरचं खचत होतं, मग साधारण तीस तासांनी राखेचा लोट बर्फ फोडून वर आला. तेरा दिवसांत सुमारे ३ घन किलोमीटर बर्फाचं पाणी झालं. ते सगळं जाऊन शेजारच्या ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीतल्या बर्फाखालच्या तळ्यात साठत राहिलं, पूर येणार हे शास्त्रज्ञ सांगत होते, सगळा देश महिनाभर वाट बघत होता आणि ५ नोव्हेंबरला तो आला, सेकंदाला चाळीस हजार घनमीटरच्या वर पाणी! हायवेवरचे पूल गेले, पण माणूस एकही गेला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मागे राहिली सहा-सात किलोमीटर लांब, कुठे कुठे ५०० मीटर उंच अशी अरुंद धार. आपल्या सह्याद्रीतही बेसॉल्टच, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ, पण तो लाव्हा मोकळ्यावर पसरला म्हणून थरावर थर, पायऱ्या पायऱ्या दिसतात. बर्फाखाली मात्र लाव्हा पाण्यात पडून चटकन थिजतो, खोलवर उशांसारखे गोळे होतात, वर दाब कमी झाला की स्फोट होऊन लाव्हाचाच काचेसारखा चुरा होतो आणि दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती असल्याने तो ढीग पसरतच नाही. हिमयुगातले असे डोंगर आइसलँडमध्ये उघडे पडलेत. त्यातल्या हेर्दुब्रेइदचा सपाट माथा बघा, ढीग पाण्याच्या वर आला की लाव्हा मोकळ्यावर साधा पसरतो, म्हणून खालचा चुरा संपून साधा लाव्हा जिथे सुरू होतो ना, साधारण तिथपर्यंत तेव्हा वितळलेलं पाणी होतं, त्यावरून बर्फ किती जाड होता याचा अंदाज बांधतात. दगडावरून!

आधी हे सगळं जुने दगड बघून ताडलेलं होतं, ग्याल्पमुळे ते घडताना बघायला मिळालं. आता परत बर्फाने तो झाकून टाकलाय. तर विनंती एवढीच की कुणा भूशास्त्राच्या माणसाकडून यावर अख्खं पान लिहून घ्या, आणि फोटो नाही तर नाही, बर्फ उभा कापून आतलं दाखवणारं एक चांगलं मोठं चित्र छापा.

आपला,
एक जुना वाचक