बाई, त्या दप्तरांसाठी

आदरणीय बाई,
शिरसाष्टांग नमस्कार.

सदाशिव पेठेत तुमच्या घरी रविवारी सकाळी आम्ही जमायचो. एकदा तुम्ही भिंतीवर चिनी कलावंत आय वेवे यांचे १९९५ मधले तीन फोटो दाखवलेत. हातात हान काळातला, सुमारे दोन हजार वर्षांचा घट, मग सुटलेला, मग पायाशी खापरं. मी ताडकन म्हणालो, "ही कला नाही, माज आहे." तुम्ही वाद घातला नाहीत, पुढचं चित्र लावलंत.

म्युनिकच्या कलासंग्रहालयाची दर्शनी भिंत, साल २००९. तिच्यावर मुलांची ९,००० दप्तरं आणि रंगीत दप्तरांनीच लिहिलेली चिनी अक्षरं. अर्थ तुम्ही सांगितलात: ती या जगात सात वर्षं आनंदात जगली. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या भूकंपात गेलेल्या मुलीच्या आईचं वाक्य.

मी उठून गॅलरीत गेलो. तुम्ही काही न विचारता पाण्याचा तांब्या ठेवून आत गेलात.

आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. झोपेतच सगळं अंगावर आलं. मी नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. पुण्यात मामांकडे आल्यावर तिचं नाव घरात कुणी काढायचं नाही, मला त्रास होईल म्हणून.

पुढच्या रविवारी तुम्ही उरलेलं सांगितलंत. १२ मे २००८, भर दुपार, मुलं वर्गात, आणि कच्च्या बांधकामाच्या शाळा कोसळलेल्या. सरकार नावं देईना, तेव्हा वेवे यांचे स्वयंसेवक गावोगाव हिंडले, पाच हजारांवर नावं जमवली. सिचुआनमधल्या चेंगडूत पोलिसांनी वेवे यांना मारलं, म्युनिकमध्ये डोक्याची शस्त्रक्रिया झाली. २०११ मध्ये ८१ दिवस कोठडी. पडलेल्या शाळांच्या १५० टन सळया त्यांनी हातोडीने ठोकून सरळ करून घेतल्या. समुद्रात बुडालेल्या आयलान या सीरियन निर्वासित मुलासारखं ग्रीसच्या लेस्बॉस बेटाच्या किनाऱ्यावर पालथं पडून त्यांनी २०१६ मध्ये काढून घेतलेला फोटो मला आजही पटत नाही. तसं म्हणालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "नको पटू दे. नावांचं काय करतोस ते सांग."

त्या दिवाळीत मी गावी गेलो. मावशीजवळ बसून आमच्या गल्लीतली गेलेली माणसं वहीत उतरवली: नाव, वय, घर कुठलं. पहिलं नाव धाकटीचं. पुण्यात परतल्यावर तुम्ही ती वही माझ्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलीत. बाई, इतक्या वर्षांनी तिचं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं. त्याचे आभार कसे मानू?

शेवटच्या पानावर एका मुलाचं वय लागत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "जागा मोकळी ठेव, मावशीला विचार." परवा तिचा फोन आला. चार वर्षांचा होता. लिहिलं आहे, बाई.

तुमचा विद्यार्थी