‘दॅन’च्या पुढचं क्रियापद

प्रिय सोन्या,

इंग्रजीच्या सराव-पेपरचे फोटो मिळाले. तुलनेचे 8 प्रश्न, त्यातले 5 चुकले, आणि खाली तुझा खुलासा: ‘ऐकायला बरोबर वाटलं म्हणून टिक केलं.’ अरे, तुझा कान मराठी आहे, त्याला ते बरोबर वाटणारच!

आपलं ‘पेक्षा’ नामाला चिकटलं की काम झालं. ‘गेल्या वर्षीपेक्षा यंदा मी जास्त वाचतो.’ क्रियापद एकच, दोन्ही वर्षांना पुरतं. इंग्रजीत ‘दॅन’च्या पलीकडे आणखी एक वाक्य दडलेलं असतं आणि त्याचा काळ वेगळा असू शकतो: ‘आय रीड मोअर नाऊ दॅन आय डिड लास्ट इयर.’ सुरुवात वर्तमानकाळात आहे म्हणून तू ‘दॅन आय डू’ निवडलंस. पण गेल्या वर्षीचं वाचन केव्हाच होऊन गेलं ना?

किमतीच्या प्रश्नातही तेच. ‘या पुस्तकाची किंमत त्या पुस्तकापेक्षा जास्त’ हे आपण खुशाल बोलतो. इंग्रजी परीक्षक मात्र म्हणणार, किंमत आणि पुस्तक यांची तुलना कशी? तिथे ‘दॅन दॅट ऑफ’ हवं.

‘नो सूनर’ मला फार आवडतं. ‘ती निघते न निघते तोच पाऊस आला’ यात ‘निघते’ दिसायला वर्तमानकाळ, पण गोष्ट सगळी भूतकाळातली. तू तसंच उतरवलंस. इंग्रजीत आधी घडलेल्याला ‘हॅड’ लागतं आणि ते कर्त्याच्या आधी येतं: ‘नो सूनर हॅड शी लेफ्ट दॅन इट बिगॅन टू रेन.’ ‘सूनर’ हे मुळात तुलनेचंच रूप, म्हणून पुढे ‘दॅन’. ‘हार्डली’ तसं नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘व्हेन’ येतं. इतकी वर्षं मी ही जोडी नुसती घोकली होती. कारण कळलं ते तुझा पेपर तपासताना.

‘सीनियर दॅन मी’ला काट मारली आहे. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही लॅटिनमधून आलेली तुलनेची रूपं, त्यांना ‘टू’ लागतं. हे सरळ पाठ कर.

शेवटचा ‘बाय द टाइम’चा प्रश्न मी तपासलेला नाही. आधी काय घडलं, नंतर काय, ते लिहून पाठव. मग बघते.

तुझी,
आई