“मोजणार कुठे?” विचारणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. पेपरच्या शेवटी आभारात नाव टाकू का विचारलं की तुम्ही म्हणायचात, “त्यापेक्षा पुढचं ड्रॉइंग वेळेवर पाठवा.” पण सुपरकंडक्टिंग, म्हणजे खूप थंड केल्यावर विरोधाशिवाय करंट वाहून नेणाऱ्या (अतिवाहक) चुंबकांवर आणि मोटरींवर काम करणारी मुलंमुली हे वाचतील, आणि त्यांच्याही चाचणी-कक्षात तुमच्यासारखं कोणी असेल. नसेल तर शोधावं.

आम्ही डिझाइनवाले कॉइलचं चित्र घेऊन यायचो तेव्हा त्यात बरंच काही असायचं: अतिवाहक टेपचे (पट्टीसारख्या तारेचे) वेढे, कमाल चुंबकीय क्षेत्र, त्यामुळे येणारा ताण, ३० केल्व्हिनला (साधारण उणे २४३ अंश सेल्सिअसला) किती करंट मिळेल त्याचा आलेख. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचात, “आणि मोजणार कुठे?” आभार मानायचे आहेत ते या प्रश्नाचे.

तांब्याची कॉइल बिघडायला लागली की गरम होते, वास येतो, बंद करायला वेळ मिळतो. सुपरकंडक्टरचं तसं नाही. तो ठीक चालतो तेव्हा व्होल्टेज जवळजवळ शून्य, आणि एखाद्या ठिकाणी अतिवाहकता गेली की सगळा करंट तिथे उष्णता करायला लागतो. यालाच क्वेंच म्हणायचं. नायोबियम-टायटॅनियमच्या चुंबकात हा भाग सेकंदाला काही मीटर वेगाने पसरतो, व्होल्टेज झटकन वाढतं, संरक्षण-यंत्रणेला सुगावा लागतो आणि साठलेली ऊर्जा बाहेरच्या रेझिस्टरमध्ये सोडता येते. आमच्या आरईबीसीओ (दुर्मिळ मृदा धातू, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या) टेपमध्ये मात्र तो सेकंदाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर सरकतो. बाहेर मोजमापात अजून जेमतेम मिलिव्होल्ट दिसत असतात आणि आत नखाएवढी जागा जळायच्या बेतात आलेली असते. जास्त तापमानाला चालणारा पदार्थ म्हणून या टेपचं एवढं कौतुक होतं, पण राखायला तीच जास्त अवघड. तिची ही बाजू कॅटलॉगमध्ये ठळक अक्षरांत छापलेली मी तरी पाहिलेली नाही.

म्हणून टॅप, म्हणजे व्होल्टेज मोजायला कॉइलवर ठरावीक जागी जोडलेली तार. करंट वाढवताना कॉइलच्या इंडक्टन्समुळेच (करंटमधल्या बदलाला होणाऱ्या विरोधामुळेच) व्होल्टेज येतं, आणि ते आपल्याला हव्या असलेल्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठं असतं. कॉइलच्या मध्यावरून एक टॅप काढायचा आणि दोन अर्ध्यांचं व्होल्टेज एकमेकांतून वजा करायचं, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. तार टेपला लगटूनच परत आणायची, दुसऱ्या तारेला भेटली की लगेच पीळ द्यायचा, मध्ये फट राहिली तर त्या फटीचाच लूप होऊन गोंगाट पकडतो, हे मात्र तुमच्या बोटांकडे बघून शिकले. टॅप लावताना सोल्डरिंग आयर्नचं टोक टेपवर रेंगाळू द्यायचात नाही. तो अतिवाहक थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तो जास्त वेळ राहिला तर त्यातला ऑक्सिजन निघायला लागतो आणि टेप करंट गमावते. वरून काही दिसत नाही, तांबं तसंच चकचकीत. आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागी एक जोडी जास्तीची, कारण थंड केल्यावर एखादी तार तुटणार हे तुम्ही गृहीतच धरायचात.

द्रव नायट्रोजनमधली पहिली चाचणी मला अजूनही सगळ्यात आवडते. कॉइल हळूहळू खाली सोडायची, नायट्रोजन खवळून उकळतो, मग कॉइल ७७ केल्व्हिनला आली की तो गडबडाट एकदम निवतो. तोवर पॉवर सप्लायला हात लावायचा नाही. नंतर करंट एकेक पायरी वर, प्रत्येक पायरीवर थांबा. नॅनोव्होल्टमीटरवरची रेघ बराच वेळ सपाट, मग हलकेच वाकते आणि चढायला लागते. सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट झालं की तो क्रिटिकल करंट, टेपची मर्यादा. तिथे मी कागदावर आकडा लिहायला धावायचे आणि तुम्ही आधी करंट खाली आणायचात. शून्य करंटला मीटर काय दाखवतो तेही आधी-नंतर टिपून ठेवायचात, कारण गरम-थंड टोकांमुळे तारांतच काही मायक्रोव्होल्ट तयार होतात आणि नवखा माणूस त्यांनाच टेपचा दोष समजतो.

जॉइंटबद्दल (टेपला टेप जोडलेल्या जागेबद्दल) तुमचा हट्ट तर सर्वांना ठाऊक आहे. ५० नॅनोओहमचा जॉइंट, २०० अँपिअर करंट: व्होल्टेज १० मायक्रोव्होल्ट, उष्णता २ मिलिवॉट. कागदावर हसू येईल एवढी. पण ती थंड टोकाला तयार होते, आणि तिथला एक वॉट बाहेर काढायला खोलीच्या तापमानाला त्याच्या अनेक पट वीज लागते, शिवाय मोटरमध्ये असे जॉइंट पुष्कळ असतात. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण-प्रवेगकात १९ सप्टेंबर २००८ ला जे झालं ते चुंबकांच्या वेढ्यांत नव्हे, दोन चुंबकांमधल्या एका सदोष जॉइंटमुळे. विद्युतठिणगी पडली, हेलियमचं भांडं फुटलं, काही टन हेलियम बोगद्यात गेला, आणि यंत्रात पुन्हा कण फिरायला वर्षाहून जास्त काळ लागला. नंतर तिथे प्रत्येक जॉइंटवर नजर ठेवणारी मोजमापाची व्यवस्था वाढवली गेली. ही गोष्ट तुम्ही आम्हाला भीती घालायला सांगायचा नाहीत, जॉइंटचा टॅप ड्रॉइंगवर नसला की सांगायचात.

चुंबक निदान एका जागी उभा असतो. आता आमच्या मोटरचा रोटर, म्हणजे आतला भाग, कॉइलसकट फिरणार आहे. वेढे ३० केल्व्हिनला, बाहेरचा शाफ्ट खोलीच्या तापमानाला, आणि मधल्या नळीने पूर्ण टॉर्क (फिरवणारा जोर) पेलायचा पण उष्णता आत येऊ द्यायची नाही. जाड केली तर उष्णता येते, पातळ केली तर अचानक शॉर्ट सर्किट झाल्यावर येणारा टॉर्कचा धक्का सोसत नाही. त्यात अशा मशीनमध्ये हवेची फट मोठी, रिअॅक्टन्स (करंटला आवर घालणारा विरोध) कमी, म्हणून तो धक्काही मोठा. इकोस्विंग या युरोपीय प्रकल्पाचा ३.६ मेगावॉटचा सुपरकंडक्टिंग जनरेटर २०१८ मध्ये डेन्मार्कमधल्या पवनचक्कीवर चढला, पण त्याआधी तो जमिनीवरच्या चाचणी-बाकावर फिरवून घेतला होता. हे उदाहरण मी बैठकीत देते तेव्हा वेळापत्रकातली चाचणी कापायला निघालेले जरा थांबतात.

या खेपेला ड्रॉइंगच्या पहिल्याच पानावर टॅप, तापमानाचे सेन्सर आणि तारांची वाट दाखवली आहे. टॉर्कच्या नळीतून तारा नेल्या तर त्यांच्याबरोबर उष्णता किती येईल तेही मांडलंय. सिग्नल रोटरबाहेर आणायला तुम्हाला स्लिप रिंग (फिरत्या शाफ्टवरच्या, घासून संपर्क देणाऱ्या कड्या) हव्यात, मला वायरलेस. घासणाऱ्या संपर्कातून मायक्रोव्होल्ट नीट येणार नाहीत असं माझं अजूनही मत आहे. रोटरवरच अॅम्प्लिफायर बसवला तर येतील असं तुमचं. सोमवारी आकडे घेऊन येते, तुमचेही काढून ठेवा.

तुमची,
कॉइलवाली