पाटली माझी, हात कुणाचा?

मा. संपादक,
स. न.

दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, जीभ जड होणं ही लक्षणं छापून येतात. हवीतच. पण पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाईंच्या मेंदूला उजवीकडे झटका आला, डावं अंग गेलं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, ह्या बाईचा हात माझ्या अंथरुणात कसा? दे तिला नेऊन." बोलणं स्वच्छ, दुधाचा हिशेब चोख. फक्त डावा हात त्यांचा नव्हता. त्यातली पाटली दाखवली तर "असेल तिची." तीच काढून उजव्या हातात दिली तर लगेच, "ही माझी, लग्नातली." पुन्हा डाव्या मनगटात चढवली की परकी!

आम्ही आधी हसलो, मग वाद घातला, मग चिडलो. चाळीतून सल्ले आले: बाहेरचं आहे, उतारा टाका. लालबागला असल्या सल्लागारांचा तोटा नाही. सासूबाई तो हात पलंगाबाहेर ढकलायच्या. एकदा रात्रभर अंगाखाली मुरगळून राहिला आणि खांदा सुजला.

शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी उलगडा केला. हे वेड नाही, सोंग तर नाहीच. आपलं अंग आपलं आहे ही जाणीव मेंदूच घडवतो. उजव्या मेंदूतला तो भाग दुखावला की डावं अंग परकं होतं, आणि मन काहीतरी गोष्ट रचून मोकळं होतं. अर्धांग झाल्याचंच न उमजणाऱ्या रुग्णांबद्दल बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्येच लिहिलं होतं. हात परका वाटण्याला गर्स्टमन या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९४२ मध्ये वेगळं नाव दिलं. डाव्या कानात थंड पाणी सोडल्यावर काही रुग्णांचा भ्रम थोडा वेळ ओसरतो, असंही संशोधकांना आढळलंय. घरी कुणी करू नये, हे सांगायला नकोच. आम्हाला एवढंच सांगितलं: वाद घालू नका, हात समोर उशीवर ठेवा, पुष्कळांचं हे हळूहळू ओसरतं.

रुग्णालयाच्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या होत्या, बिनमिठाचं पथ्य होतं. याबद्दल एक ओळ नव्हती. ती मराठीत छापायला कितीसा खर्च येतो?

परवा दुपारी सासूबाईंनी उजव्या हाताने डाव्याची बोटं चाचपली. म्हणाल्या, "नखं वाढलीत, काप." कुणाची, ते मी विचारलं नाही.

— एक वाचक, लालबाग, मुंबई