स्पितीतल्या ‘की’ गोम्पातल्या (बौद्ध मठातल्या) त्या लामाजींना आणि गाडीवाल्या कुटुंबाला थँक्यू

हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आलो, आईला घेऊन. चूक आमचीच, मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात थेट काझा गाठलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी की गोम्पा, म्हणजे जवळजवळ 4,166 मीटर! शरीराला सवय व्हायला वेळच दिला नाही. पायऱ्या चढताना आईचं डोकं ठणकायला लागलं, मग उलटी, मग ती तिथेच बसली आणि आमचा टॅक्सीवाला दुसरं भाडं घेऊन गेलेला, फोनला रेंज नाही.

एक तरुण लामा धावत आले, आईला हात धरून हळूहळू स्वयंपाकघरात नेलं, तंदूरजवळ (तिकडे शेगडीला तंदूरच म्हणतात) बसवलं. तिचे मोजे बर्फाच्या चिखलाने ओले झालेले, ते काढून वाळत घातले आणि स्वतःचे जाड लोकरीचे मोजे आणून तिच्या पायात चढवले, "माताजी, चाय धीरे धीरे पियो" म्हणत. तोवर दुसऱ्या एकाने दर्शनाला आलेल्या एका कुटुंबाला विचारलं, त्यांनी दर्शन अर्धवट सोडून आम्हाला काझाच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. ऑक्सिजन लावल्यावर तासाभरात आई बोलायला लागली, पहिलं वाक्य "मोजे परत द्यायचे राहिले"!!

दोन दिवस आराम करून मग खाली ताबोला गेलो, 996 सालची गोम्पा, आतली चित्रं आईने टॉर्चच्या उजेडात बघितली, पायात तेच मोजे. नावं विचारायची राहिलीच हो तुमची. मोजे धुवून ठेवलेत, स्पितीला जाणारं कोणी भेटलं की आईचे बेसनाचे लाडू आणि मोजे दोन्ही पाठवतो.